कमरेएवढी शेवंती

माझ्या गुंडप्पामामाला बरोबर घेऊन कुणाच्या लग्नाला जायचं म्हणजे डोक्याला ताप. मांडवाच्या दारावर शेवंतीच्या माळा सोडलेल्या असतात, आणि हा गृहस्थ नवरानवरीकडं ढुंकूनही न बघता माळेतलं एकेक फूल उलटं करून देठ तपासत उभा राहतो. मागं पाहुणे खोळंबतात. परवा अहमदपूरला नवरीच्या चुलत्यानं त्याला चांगलंच हटकलं, तर हा त्यालाच विचारतो, "ही फुलं कुठल्या मळ्यातली वो? झाड उंच हाय का बुटकं?" मी बसवराज, लातूरला फुलांचं दुकान चालवतो. दिवसभर फुलांतच असतो, पण हा रोग मला नाही. फूल विकायचं असतं, त्याची सोयरीक जुळवायची नसते, असं माझं साधं मत आहे.

तरीही मामाचा हा प्रश्न नुसता चक्रमपणाचा नाही. झाड उंच की बुटकं, यात त्याच्या संसारातलं एक मोठं दुखणं आहे, आणि ते मी जवळून बघितलंय.

मामाचं गाव चाकूरजवळ. सगळं शिवार सोयाबीन-तुरीचं. मामाचंही बाकीचं रान त्यातच, पण विहिरीजवळचा एक तुकडा त्यानं पहिल्यापासून शेवंतीला राखलेला. हंगाम संपला की शेवंतीची झाडं छाटतात. मग बुडातून नवे कोंब फुटतात, त्यांना काश्या म्हणायचं. त्या काढून पुढच्या सालाला लावायच्या. काशी लावली की झाड आईसारखंच येतं, रंगानं, फुलानं आणि खोडींनीसुद्धा. त्यामुळे कोणत्या झाडाच्या काश्या धरायच्या हे ठरवलं, की पुढचं सगळं वर्ष ठरलं. आमच्यात हे काम घरचा कर्ता पुरुष करतो. मामाचे वडील फूल बघून झाड धरायचे. सगळ्यात टपोरं फूल ज्याला, त्याच्या काश्या. मामाही तेच करत गेला. पण ज्या झाडाला मोजकीच फुलं येतात त्याचीच फुलं मोठी होतात, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षानुवर्षं तेच झाड धरत गेल्यामुळे फूल दृष्ट लागण्यासारखं झालं आणि टोपली भरेना. मी दुकानातून फोनवर ओरडायचो, "मामा, एवढ्याशा फुलांत मी काय नवरदेवाच्या कानात घालू?"

अशात तो नांदेडला फूलशेतीच्या एका शिबिराला गेला. तिथं संशोधन करणाऱ्या एक बाई बोलल्या. त्यांनी सांगितलं, फुलाला भुलू नका, झाड बघा. झाडाला फांद्या किती, त्याचा घेर किती, फुलं किती, हे जसजसं वाढतं तसतसं तोडणीचं वजन वाढतं. उंचीचा त्याच्याशी फारसा मेळ दिसत नाही. शेवटचं वाक्य बाईंनी त्यांच्या प्लॉटवर जसं दिसलं तसं सांगितलं असणार. मामानं त्याचा अर्थ लावला, की उंची बिनकामाची. आणि मामानं एकदा अर्थ लावला की तो काढायची कुणाची टाप नाही.

त्या सालापासून त्याला दुसरं काही सुचेना. सकाळी लिंगपूजा झाली की कपाळावरच्या विभूतीसकट तो मळ्यात जाऊन बसायचा आणि झाडाच्या फांद्या बोटांनी मोजायचा. मी एकदा म्हटलं, "मामा, जप चाललाय का?" तर म्हणाला, "गप रं. तुला फांदी कळती का फुटवा कळतो?" काश्यांनी नव्या जातीचं झाड मिळत नाही, त्यासाठी बी धरावं लागतं, हे तो त्याच शिबिरात शिकला होता. मग तो काही झाडांवरची फुलं तोडूच देईना. ती तिथंच वाळायची, त्यातलं बारीक बी तो जपून काढायचा, वाफ्यात टाकायचा. बियांपासून येणारी झाडं एकाची एक नसतात. कुणी उंच, कुणी फाटक्या अंगाचं, कुणाला फुलंच पांढुरकी. त्यातलं ज्याला फांद्या जास्त ते ठेवायचं आणि बाकीचं उपटून बांधावर फेकायचं, असं त्याचं चाललं. उपटताना त्याला जराही वाईट वाटायचं नाही. माझ्या आईला मात्र वाटायचं. ती माहेरी आली की बांधावरची झाडं उचलून गोठ्यामागं लावायची.

बरीच वर्षं गेली आणि मामाला हवं तसं झाड मिळालं. पालथ्या टोपलीसारखं गोल, जमिनीला चिकटून पसरलेलं, आणि हिरवं पान दिसू नये इतक्या फुलांचं. फूल मध्यम, पण गच्च. आश्विनातल्या वादळी पावसात शेजारच्या मळ्यातली शेवंती आडवी व्हायची, मामाची जागची हलायची नाही. लोक तिला गुंडप्पाची बुटकी म्हणायला लागले. नांदेडच्या बाजूचे शेतकरी एसटीनं येऊन काश्या घेऊन गेले. माझ्या दुकानात पोतीच्या पोती यायला लागली. मामाची मान ताठ झाली, आणि ती व्हायला काही हरकतही नव्हती. त्यानं खरंच एक चांगलं झाड उभं केलं होतं. उभं म्हणजे, जेवढं ते उभं होतं तेवढं.

आता तोडणीचं सांगतो. आमच्याकडं फूल तोडणं हे बायांचं काम. पुरुषानं पाणी द्यायचं, फवारायचं, पोती बांधायची, गाडीत टाकायची. पण सरीत शिरून फुलं तोडताना बाप्या दिसला तर बायाच पदर तोंडाला लावून हसतात. मामानं जन्मात शेवंती तोडली नव्हती. पूजेपुरतं फूल तो दारातल्या तगरीचं घ्यायचा, तेही उभ्यानं. मळ्यातली तोडणी उमादेवीमामीची. दोन्ही मुली लग्न होऊन उदगीर आणि देगलूरला गेल्या, त्यामुळे जोडीला गावातल्या दोन-तीन बाया घेऊन मामी पहाटेपासून तोडायची.

बुटकीचा घेर असा, की दोन ओळींमधली सरी झाकून जायची. उकिडवं बसायला जागा उरायची नाही. आणि उंची अशी, की उभ्यानं हात पोचायचा नाही. तेव्हा कमरेतून वाकायचं आणि वाकूनच पुढं सरकायचं. शिवाय फुलं जास्त म्हणजे हात जास्त वेळा खाली. बायका ओळ संपली की कमरेवर हात ठेवून मागं वाकायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. मामी एकदा माझ्यासमोर मामाला म्हणाली होती, "तुमची ही बुटकी लई खाली हाय वो."

मामा म्हणाला, "खाली हाय म्हनून तर वाऱ्याला पडत न्हाई."

मामी पुन्हा काही बोलली नाही. मामाला वाटलं, तिला पटलं.

मग एका दसऱ्याच्या तोंडावर व्हायचं ते झालं. दसऱ्याला सगळ्या जगाला शेवंती पाहिजे असते, आणि त्याच वेळी आमच्याकडं सोयाबीन काढणीला येतं. गावातल्या बाया टोळी करून, एकराचा ठोक दर ठरवून गुत्त्यानं सोयाबीन काढायला गेल्या होत्या. मामी एकटीच मळ्यात. न्याहारीची वेळ टळली तरी ती घरी येईना म्हणून मामा बघायला गेला, तर ती सरीच्या मधोमध वाकलेलीच. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात फुलांची ओटी. मामाला वाटलं तोडतेय. जवळ गेल्यावर ती सरळ न होताच म्हणाली, "मला उजू करा वो. मला उजू हुता यीना."

मी गाडी घेऊन गेलो आणि तिला लातूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, मणक्यांची झीज बरीच जुनी आहे. कमरेला पट्टा बांधा, झोपून राहा, आणि वाकणं आता कायमचं बंद. मामीनं विचारलं, "कायमचं म्हंजे दसऱ्यापर्यंत का?" डॉक्टर हसले नाहीत, तेव्हा तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं न्यायला गेलो, तेव्हा तोडायला माणूसच नव्हतं. मामा एकटा सरीत उतरला होता. रस्त्यानं सोयाबीनच्या बायांचा टेंपो गेला, त्यातून कुणीतरी ओरडलं, "अय्या, गुंडप्पा काका फुलं तोडायलेत!" आणि सगळा टेंपो हसला. मामानं वर बघितलं नाही. बरोबर केलं, कारण वर बघायला त्याला सरळ व्हावं लागलं असतं. अर्धी ओळसुद्धा झाली नसेल, तो थांबला. कमरेवर दोन्ही हात टेकून हळूहळू उभा राहिला आणि मळाभर नजर फिरवली. एकसारखी, गोल, जमिनीसरपट झाडं. त्यानंच एकेक निवडून आणलेली.

"बसवराज," तो म्हणाला, "ही उंची कुनी धरली रं?"

"तूच की."

"म्हंजे मीच."

तो बांधावर जाऊन बसला आणि रडायला लागला. मला त्याची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला राग आला. दवाखान्यातून गावी परत आणताना मामी मागच्या सीटवर आडवी पडून खड्ड्याखड्ड्याला ओठ चावत होती, ते डोळ्यापुढून जात नव्हतं. मी म्हटलं, "मामा, येवढ्या वर्षांत एक दिवस तरी तू मामीच्या जागेवर उभा राहून बघितलंस का?" मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि राहिलेली ओळ तोडली. दुपारी स्टेअरिंगवर मला सरळ बसता येईना. तेव्हा राग आणखी वाढला.

संध्याकाळी मी पुन्हा गावी गेलो, तेव्हा मामा मामीच्या बाजेजवळ जाऊन म्हणाला, "बुटकी मोडून टाकतो. उद्या नांगर घालतो तिच्यावर."

मामी भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं तसंच विचारलं, "आन् मग माझी पाठ कशात गेली म्हनायची?"

मामा बाजेच्या कडेला टेकला.

"ऱ्हाऊ द्या तिला," मामी म्हणाली. "चांगलं झाड हाय. तिच्याच पोटाला उंच लेक येती का, ते बघा."

मला मामीचा राग बघायचा होता. तिनं भांडी आपटावीत, मुलींना फोन करून त्यांच्या बापाचे पराक्रम सांगावेत, असं मला मनापासून वाटत होतं. ती रागावली नव्हती असं नाही; पण बुटकी तिचीही होती. एवढ्या वर्षांचे तिचे हात त्या झाडात होते. ते झाड मोडणं तिला पाठीपेक्षा जड गेलं असतं, हे मला उशिरा कळलं.

मामा पुन्हा नांदेडला जाऊन त्या बाईंना भेटला. उंच आणि तरीही भरपूर फांद्यांचं झाड होऊ शकतं का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, होतं, उंची काही फांद्यांच्या आड येत नाही. पण नुसतं उंच धरलं तर ते वाऱ्यानं लोळेल, खोड जाड आहे का तेही बघत चला. वेळ लागेल, असंही म्हणाल्या. मामा म्हणाला, लागू द्या.

घरी आल्यावर त्यानं मामीला उभं केलं. पट्टा बांधून ती तेव्हा चांगली ताठ उभी राहायची. मामी तरुणपणी आमच्या गोतावळ्यात सगळ्यात उंच, मामाहून बोटभर जास्तच; लग्नाच्या फोटोत मामाला विटेवर उभं केलं होतं, असं आई अजून चिडवते. मामानं तिला कोपर अंगाशी धरून हात पुढं करायला लावले, जसं उभ्यानं तोडताना करतील तसे, आणि ते हात आपल्या सदऱ्याच्या कोणत्या गुंडीला लागतात ते बघून ठेवलं. मग मळ्यात एकेका झाडापुढं पोट पुढं काढून उभा राहायला लागला. गुंडीपर्यंत पोचलं तर ठेवायचं, नाही तर उपटायचं. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, हा झाडांना आलिंगन देतोय.

बियांसाठी त्याला उंच झाडं हवी होती, आणि ती त्याच्या मळ्यात एकही नव्हती. त्यानंच सगळी उपटली होती. शेवटी आईनं गोठ्यामागं लावलेल्यांपैकी काही जगली होती, ती आणून बुटकीच्या शेजारी लावली. आईनं त्यावरून त्याला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

काम सोपं नव्हतं. उंच आलं तर फांद्या नाहीत. फांद्या आल्या तर पहिल्या वादळात सगळी ओळ लोळलेली. एका साली सगळं बरोबर जमलं तर फूल असं, की हारात ओवताना पाकळ्या गळायच्या. मामी बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून निकाल द्यायची. "ही नुसतीच वाढली, अक्कल न्हाई." "ही बरी हाय, पन कंबर न्हाई हिला." मामा मुकाट्यानं उपटायचा. आता त्याला उपटताना वाईट वाटायचं, ते मला दिसायचं. दोघं दिवसभर झाडांवरून भांडायची, आणि मला वाटतं, एवढं ती आधी कधी एकमेकांशी बोललीच नव्हती.

अशी कितीएक सालं गेली, आणि यंदा सगळा तुकडा नव्या शेवंतीनं भरला. बुटकीपेक्षा झाडामागं फुलं थोडी कमी, पण झाड सरळ, खोड जाड, आणि फुलं सगळी वर. उभ्यानं तोडता येतं म्हटल्यावर सोयाबीन सोडून बाया आपणहून मामाकडं आल्या. शेजारच्या निवृत्तीची सून शिल्पा, नवीनच लग्न होऊन आलेली, तीही होती. मामानं मला मुद्दाम बोलावलं होतं. पहिलं फूल मामीनं तोडायचं आणि ते लिंगावर वाहायचं, मग तोडणी सुरू, असं त्यानं ठरवलं होतं.

त्यानं मामीला हाताला धरून सरीत आणलं. झाड मामाच्या त्या गुंडीला बरोबर लागत होतं. एक पेर कमी नाही, एक जास्त नाही. मामानं अभिमानानं मामीकडं बघितलं, आणि बघतच राहिला.

झाडाचा शेंडा मामीच्या गळ्यापाशी आला होता.

रोज बघणाऱ्याला कळत नाही, तसं आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. दर वर्षी थोडी थोडी करून मामी खाली आली होती. पट्टा होता, गोळ्या होत्या, पण पाठ पुढं झुकत गेली होती, आणि मामापेक्षा बोटभर उंच असलेली ती बाई आता त्याच्या खांद्याच्याही खाली उभी होती. त्यानं झाड तिच्या मापाचंच केलं होतं. ते माप आता तिचं राहिलं नव्हतं.

मामीनं हात वर केला, फूल खुडलं, नाकाला लावलं. "बरं झालं," ती म्हणाली, "वास घ्यायलाबी वाकावं लागत न्हाई."

तिनं हसावं म्हणून म्हटलं होतं. मामाला हसता आलं नाही. "मला उशीर झाला गं," तो म्हणाला. मी मान फिरवली, कारण माझा राग कधी संपला होता ते मलाच आठवेना, आणि त्याच्या जागी जे होतं ते सोसवत नव्हतं.

मामी पलीकडच्या सरीकडं बघत होती. तिथं बाया तोडायला लागल्या होत्या. शिल्पाचे हात भराभर चालले होते, पण ती वाकून तोडत होती. झाड तिच्या कमरेला लागत होतं, फुलं हातासमोर होती, तरी ती पाठ मोडून, मान खाली घालून पुढं सरकत होती.

"ए शिल्पा," मामी ओरडली, "उभ्यानं तोड की गं!"

शिल्पा दचकून सरळ झाली आणि ओशाळून हसली. "सवय हाय वो काकू."

"मलाबी सवयच हुती," मामी म्हणाली. "उभी ऱ्हा."